तळेगावची दक्षिणा ते पीएच.डी.ची फेलोशिप : एका पैशाचा तीनशे वर्षांचा प्रवास

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड जरा लांब आहे, लोकल किंवा पीएमपीच्या प्रवासात ऐकायला बरा. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना जे अर्धवट राहिलं ते इथं पूर्ण केलंय.

मी नवलाख उंबऱ्याचा. मावळ तालुका, तळेगावच्या पलीकडे. आता गावाचं नाव काढलं की लोक म्हणतात, "अच्छा, एमआयडीसी!" बरोबर आहे. शेतं होती तिथं शेड आली, आणि आमच्या वयाच्या पोरांसमोर बारावीनंतर पहिला प्रश्न येतो तो कुठल्या कंपनीत, कायम की कंत्राटी. अशा गावात कुणी एम.एस्सी. होऊन पुढं पीएच.डी.ला बसलं, तर त्याला कट्ट्यावर विषय कुणी विचारत नाही. विचारतात, "फेलोशिप सुटली का?" आणि सुटली नसेल तर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग अजून किती वर्षं घरचं खाणार?"

हा प्रश्न बोचरा आहे, पण खोटा नाही. पंचविशीतल्या धडधाकट माणसानं दिवसभर वाचत बसायचं, तर त्याची भाकरी कुणी द्यायची? बापानं? सरकारनं? की त्यानं स्वतः शिकवून, राबून कमवायची? आज विद्यापीठात यालाच शिष्यवृत्ती, फेलोशिप, असिस्टंटशिप अशी नावं आहेत, आणि आपल्याला वाटतं की हे सगळं अमेरिकेतून किंवा यूजीसीच्या दिल्लीच्या ऑफिसातून आलं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर त्याची एक मोठी मुळी आमच्या शेजारच्या गावात आहे. तळेगाव दाभाड्यात.

सेनापतींच्या पंगती

खंडेराव दाभाडे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. छत्रपती शाहू महाराजांनी १७१७ साली त्यांना सेनापती केलं. दाभाड्यांच्या फौजा गुजरात आणि बागलाणाकडं लढल्या, तिकडून चौथाईचा पैसा यायचा. घराण्याचं ठाणं तळेगाव. तळेगाव–चाकण रस्त्यानं गेलात तर इंदोरीची गढी दिसते, तीही त्यांचीच. इंद्रायणीच्या काठची ही सगळी जागा आहे. पावसाळ्यात जाऊन या, फक्त रीलसाठी बुरुजावर चढू नका.

तर हे खंडेराव दरवर्षी तळेगावात ब्राह्मणांना जेवण घालत. एक दिवस नाही, चांगले काही दिवस, आणि पंगतीत माणसं हजारांनी. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात याची नोंद आहे. १७२९ मध्ये खंडेराव वारले. मुलगा त्रिंबकराव सेनापती झाला, आणि गुजरातेच्या हक्कावरून त्याचं बाजीराव पेशव्याशी बिनसलं. १ एप्रिल १७३१ ला डभईजवळ दोघांच्या फौजा भिडल्या. मराठे विरुद्ध मराठे. त्रिंबकराव तिथं पडला.

लढाई जिंकल्यावर बाजीरावानं एक गोष्ट केली, जी पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. दाभाड्यांचा तळेगावचा तो वार्षिक धर्मादाय त्यानं बंद पडू दिला नाही. पुण्यात सुरू ठेवला. नुसतं जेवण नाही, तर जमलेल्या शास्त्री आणि वैदिकांना रोख रक्कमही. पुढं याच प्रथेला सगळे 'दक्षिणा' म्हणायला लागले. म्हणजे ज्याचा मुलगा आपल्याशी लढताना मारला गेला, त्याचंच पुण्यकर्म पेशव्यानं आपल्या नावावर चालवायला घेतलं. यात श्रद्धा किती आणि राजकारण किती ते तुम्ही ठरवा. मला राजकारण जास्त दिसतं. दाभाड्यांचा मान कमी झाला, तरी तळेगावला येणारे लोक पुण्याला यायला लागले, हे काही कमी नाही.

आणि हो, शब्दाकडे लक्ष द्या. दान वेगळं, दक्षिणा वेगळी. भिकाऱ्याला आपण दक्षिणा देत नाही. पूजा सांगणाऱ्याला, शिकवणाऱ्याला देतो. काहीतरी काम झालेलं असतं, किंवा अंगी काहीतरी विद्या असते, तिचा तो मोबदला. हा फरक पुढं फार कामाला येणार आहे.

पर्वतीचा रमणा

पेशवाईत दर श्रावणात दक्षिणेचा सोहळा व्हायचा. देशभरातून विद्वान पुण्याकडे निघायचे: काशी, मिथिला, तेलंगण, द्रविड, कर्नाटक. मोठ्या पंडितांची विद्या पाहून मान मिळायचा, आणि पुण्याची दक्षिणा मिळाली की त्या माणसाचं नाव बाहेरही चालायचं. आजच्या भाषेत, सीव्हीवर एक दमदार ओळ.

पण गर्दी वाढली तसा त्याचा रंग बदलला. पर्वतीच्या पायथ्याशी 'रमणा' नावाचं मोठं आवार होतं. सगळ्यांना आत घ्यायचं, दारं बंद करायची, आणि मग एकेकाला बाहेर सोडताना हातावर रुपये ठेवायचे. आत घ्यायचं आधी आणि पैसे द्यायचे नंतर, हे कशासाठी? एकच माणूस दोनदा रांगेत येऊ नये म्हणून! आधार कार्ड नव्हतं तेव्हाची ही डुप्लिकेट तपासणी.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांची एक गोष्ट याच संदर्भात सांगतात. दक्षिणेच्या वाटपाला शास्त्रीबुवा बसलेले, समोर त्यांचा सख्खा भाऊ आला. शेजारी बसलेले नाना फडणवीस म्हणाले, यांना वीस रुपये द्या. रामशास्त्री म्हणाले, विद्येच्या मानानं याला दोनच. भाऊ म्हणून द्यायचे तर ते मी माझ्या घरून देईन. गोष्ट आहे, ऐकीव आहे. पण ती दोनशे वर्षं टिकली, याचा अर्थ वशिल्याची भीती तेव्हाही लोकांना होती.

एक मोठी गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. हा पैसा सरकारी तिजोरीतून जायचा. तिजोरीत तो यायचा शेतसाऱ्यातून, चौथाईतून. नांगर धरणारा कुणबी, माळी, धनगर, महार, मावळातला भात लावणारा आमचा खापरपणजोबा, सगळे देणारे. आणि रमण्याच्या आत प्रवेश फक्त ब्राह्मणांना. त्यातही फक्त पुरुषांना. विद्येला मोबदला हे तत्त्व छान होतं. विद्या कुणी मिळवायची, ते आधीच ठरलेलं होतं.

कंपनी सरकार येतं

१८१८ मध्ये पेशवाई गेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपुढं प्रश्न होता की या दक्षिणेचं काय करायचं. एकदम बंद केली तर पुण्यातला सगळा शिकलेला वर्ग नाराज. चालू ठेवली तर खर्च. त्यानं मधला रस्ता काढला. वर्षाला ५० हजार रुपयांच्या आसपास रक्कम ठेवली, तिचा रोख खऱ्या विद्वानांकडे वळवला, आणि त्यातल्याच पैशावर ६ ऑक्टोबर १८२१ ला पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. 'हिंदू कॉलेज' म्हणा, 'पूना संस्कृत कॉलेज' म्हणा. डेक्कनचा कमिशनर चॅप्लिन याच्या हातून हे झालं. शिकायला येणाऱ्यांना दरमहा वेतन मिळायचं. विषय व्याकरण, न्याय, वेदान्त, ज्योतिष, वैद्यक असे. विद्यार्थी ब्राह्मणच.

लक्षात घ्या, वाडा बाजीरावाचा, पैसा दाभाड्यांपासून चालत आलेला, मालक ईस्ट इंडिया कंपनी. विश्रामबागवाडा आजही बाजीराव रस्त्यावर आहे. पुढच्या वेळी तुळशीबागेत खरेदीला जाल तेव्हा मान वर करून तो कोरीव सज्जा बघा.

हळूहळू कंपनीनं नवे दक्षिणेकरी घेणं थांबवलं. जुने वारले की रक्कम शिल्लक पडायची. आणि शिल्लक पैसा म्हटला की भांडण आलंच.

१८४९ चं भांडण

हे भांडण माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा मध्य आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

१८४९ मध्ये पुण्यातल्या काही सुधारक मंडळींनी सरकारकडं अर्ज केला. पुढाऱ्यांत गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी. मागणी साधी होती: दक्षिणेचा काही पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना, भाषांतरं करणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्या. घोकंपट्टीला नको, उपयोगी ज्ञानाला द्या. आणि पात्रता जातीवर ठेवू नका.

जुन्या शास्त्रीमंडळींत खळबळ उडाली. हा आमचा पिढीजात हक्क, तो बाटवायला निघालेत! वातावरण इतकं तापलं की अर्जावर सह्या करणाऱ्यांना मारहाण होईल अशी भीती होती. तेव्हा त्यांच्या मदतीला कोण आलं? बावीस वर्षांचे जोतीराव फुले. धनंजय कीर फुल्यांच्या चरित्रात सांगतात की जोतीरावांनी दोनशेच्या आसपास माणसं गोळा केली आणि सुधारकांना संरक्षण दिलं. शेतकरी-कष्टकरी घरांतले हे गडी. ज्यांना रमण्यात कधी पाऊल टाकता आलं नसतं, ते पुस्तकांच्या बक्षिसासाठी उभे राहिले! मला हा प्रसंग फार आवडतो. आपल्याकडं यावर एखादा सिनेमा का नाही, कोण जाणे.

सरकारनं मान्य केलं. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. त्याच वर्षी संस्कृत पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून 'पूना कॉलेज' झालं. पुढं फुल्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी ज्या शाळा काढल्या, त्यांना याच दक्षिणा फंडातून महिना ७५ रुपये मदत मिळाली. तळेगावच्या पंगतीतून निघालेला पैसा सव्वाशे वर्षांनी अस्पृश्यांच्या शाळेत पोचला.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. १८५५ मध्ये फुल्यांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवलं. भोळ्या कुणबी जोडप्याला भट कसा नाडतो, आणि शिक्षण हा तिसरा डोळा कसा, हा त्याचा विषय. कमिटीनं ते नाकारलं. फुल्यांनी पुढं स्वतःच लिहून ठेवलंय की कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांपुढं युरोपियनांचं काही चाललं नाही. नाटक त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. नियमात जात उरली नव्हती. पण नियम वाचणारे, अर्ज तपासणारे लोक तेच होते. शिष्यवृत्तीच्या कमिटीपुढं मुलाखत दिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

साठ रुपये आणि एकशेवीस रुपये

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं. त्यानंतर थोड्याच वर्षांत दक्षिणा फंडाच्या पैशातून कॉलेजांत 'दक्षिणा फेलोशिप' सुरू झाल्या. शिक्षण खात्याचे डायरेक्टर तेव्हा हॉवर्ड नावाचे साहेब होते. कल्पना अशी: हुशार विद्यार्थ्यानं पुढचं शिक्षण घेत कॉलेजात राहायचं, खालच्या वर्गांना थोडं शिकवायचं, आणि त्याला दरमहा पैसे मिळायचे. अमेरिकेत जाऊन आलेले मित्र ज्याला टीएशिप म्हणतात ना, टीचिंग असिस्टंट, तीच ही. फक्त दीडशेहून जास्त वर्षं जुनी, आणि नावात दक्षिणा.

पहिल्या फेलोंपैकी एक होते महादेव गोविंद रानडे. निफाडला जन्मलेले, कोल्हापुरात वाढलेले, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे. त्यांना आधी ज्युनियर फेलो म्हणून तीन वर्षं महिना ६० रुपये, मग सीनियर फेलो म्हणून तीन वर्षं महिना १२० रुपये मिळाले. सहा वर्षं! १८६२ मध्ये ते बी.ए. झाले, १८६४ मध्ये एम.ए., १८६६ मध्ये एलएल.बी. घरून पैसे मागायची पाळी न येता. इतकं वाचलं की डोळे कायमचे अधू झाले.

आता याची दुसरी बाजू. कॉलेजचे प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट. रानड्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्याची मराठी राज्याशी तुलना केली, आणि त्यात इंग्रज कमी भरले. ग्रँटसाहेब रानड्यांचे चाहते होते, तरीही त्यांनी सहा महिने शिष्यवृत्ती थांबवली. असं रानड्यांच्या चरित्रांतून येतं. ज्याचा हात पैसे देतो, त्याला हात आखडताही येतो.

गंमत अशी की रानडे हा विषय विसरले नाहीत. आयुष्याच्या शेवटी, १९०० साली, हायकोर्टाचे न्यायमूर्ती असताना त्यांनी पेशव्यांच्या रोजनिशांवर एक निबंध वाचला. त्यात दक्षिणेचा इतिहास येतो: सुरुवात खंडेराव दाभाड्यांनी केली, मुलाच्या मृत्यूनंतर घराण्याची आवक आटली तेव्हा राज्यानं ती आपल्या हाती घेतली, आणि नाना फडणवीसांच्या काळापर्यंत वाटप वर्षाला ६० हजार रुपयांवर गेलं. दुसऱ्या बाजीरावाच्या उधळपट्टीवर ते कडक लिहितात. दक्षिणेबद्दल मात्र जरा मऊ. असणारच! सहा वर्षं त्याच पैशावर ते शिकले होते.

दुसरं नाव रामकृष्ण गोपाळ भांडारकर. मालवणचे. तेही दक्षिणा फेलो. संस्कृतकडं वळायचा सल्ला त्यांना हॉवर्डनं दिला असं सांगतात. भांडारकर पुण्याला आले आणि पूना कॉलेजातल्या जुन्या शास्त्र्यांच्या हाताखाली न्याय, व्याकरण, वेदान्त शिकले. हे दृश्य डोळ्यासमोर आणा. शिकवणारा शास्त्री जुन्या दक्षिणेच्या पैशावर, शिकणारा पदवीधर नव्या फेलोशिपच्या पैशावर, आणि दोघांचा फंड एकच. त्यातून जो अभ्यासक तयार झाला, त्याच्या नावानं ६ जुलै १९१७ ला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्था उभी राहिली. संस्कृत शिकताना ज्यांनी 'मार्गोपदेशिका' वापरली असेल, त्यांनी या फेलोशिपचं फळ हातात धरलंय.

म्हणून कुणी म्हणालं की फेलोशिप देऊन काय मिळतं, तर मी हिशेब सांगतो. दोन माणसं, काही वर्षं, महिन्याला शंभर-सव्वाशेच्या आतले रुपये. त्यातून एक न्यायमूर्ती आणि अर्थशास्त्रज्ञ, आणि एक प्राच्यविद्येचं घराणं. अर्थात इतर अनेक फेलो असतील ज्यांचं नाव आज कुणालाही आठवत नाही. तेही तितकेच खरे. बियाणं पेरलं की सगळंच उगवत नाही, हे मावळात कुणाला शिकवायला नको.

एका बाईच्या हातात दक्षिणा

पूना कॉलेज १८६८ मध्ये नव्या इमारतीत गेलं आणि त्याचं 'डेक्कन कॉलेज' झालं. दक्षिणा फेलोशिप चालूच राहिली. आणि मग १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेल्या एका मुलीला ती मिळाली. इरावती कर्वे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी 'युगान्त' वाचलं असेल, त्याच.

त्या फेलोशिपवर इरावतीबाई मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडं समाजशास्त्र शिकायला गेल्या. १९२८ मध्ये एम.ए. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय माहितीये? चित्पावन ब्राह्मण. पेशव्यांची जात! ज्या रमण्यात बाईला प्रवेश नव्हता, तिथल्या पैशावर एका बाईनं पेशव्यांच्याच जातीला अभ्यासाचा विषय केलं. कुठल्याही कादंबरीकाराला हे सुचलं नसतं.

पुढं त्यांना जर्मनीला पीएच.डी.ला जायचं होतं. सासरे महर्षी कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घालवलेला माणूस, तरी सुनेनं परदेशी जाणं त्यांना पसंत नव्हतं. पैसा शेवटी जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून उभा राहिला. इरावतीबाई बर्लिनला गेल्या, १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या. डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडलं होतं, ते १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं, तेव्हा त्या तिथं रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत राहिल्या.

दाभाड्यांची दुसरी फांदी

आता परत तळेगावला येऊ, कारण त्या वाड्यातून अजून एक वाट फुटते. खंडेरावांच्या फौजेत एक सरदार होता, दमाजी गायकवाड. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत त्यानं नाव काढलं, 'समशेर बहादूर' किताब मिळवला. त्याचा पुतण्या पिलाजी. डभईनंतर दाभाडे मागं पडले, आणि गुजरातेत गायकवाड वर आले. त्यांचीच बडोद्याची गादी. तिथं १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावातला एक शेतकऱ्याचा पोरगा दत्तक बसला. सयाजीराव महाराज.

या सयाजीरावांनी भीमराव रामजी आंबेडकर नावाच्या मुलाला आधी मुंबईत कॉलेजसाठी महिना २५ रुपये दिले. मग १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. त्या बदल्यात करार: परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. दानच म्हणता येणार नाही, बाँड होता तो. पण तो बाँड एका महार मुलाशी केला गेला, हे महत्त्वाचं.

आंबेडकर पुढं लंडनला गेले, तिथं अभ्यास अर्धा असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावं लागलं. कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीला गेले. आणि त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहिले, ते कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. महाराजांचा पैसा कोलंबियापर्यंत पोचला, महाराजांच्या राजधानीतल्या उंबरठ्याच्या आत मात्र त्याचा इलाज चालला नाही. मग त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेतलं, आणि १९२० मध्ये अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडन गाठलं. पगार, राजाची मदत, मित्राची उसनवारी. आजच्या पीएच.डी. करणाऱ्याचं बजेट याहून फार वेगळं नसतं.

जाता जाता गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचं नाव घेतोच. कलकत्ता विद्यापीठातली २५० रुपयांची नोकरी सोडून ते महाराष्ट्रात आले, कारण सयाजीरावांनी महिना ५० रुपये देऊ केले होते. अट एवढीच की मराठी मुलखात राहायचं आणि बौद्ध धर्मावर लिहायचं. अडीचशे सोडून पन्नास! घरी सांगून बघा.

आता

आज दक्षिणा फंडाच्या जागी अनेक दारं आहेत. यूजीसीची नेट परीक्षा देऊन जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढं एसआरएफ ४२ हजार, घरभाडं वेगळं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि ओबीसी, भटके-विमुक्त समाजातल्या संशोधकांना फेलोशिप देतात. परदेशासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं 'कमवा आणि शिका' आहे: बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात काही तास काम करायचं आणि तासाप्रमाणे पैसे घ्यायचे. ती ऐपतीची मदत, जेआरएफ ही गुणवत्तेची. दोन्ही लागतात.

आणि भांडणंही तीच आहेत. या संस्थांच्या संशोधकांनी पुण्यात, मुंबईत कितीदा उपोषणं केली. मागणी काय, तर नोंदणीच्या तारखेपासून पैसे द्या, मधल्या वर्षात आम्ही काय खायचं? डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात जागा मर्यादित ठेवण्यावरून चर्चा झाली, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला आणि राज्यभर गदारोळ झाला. मला त्यात १८४९ चा आवाज ऐकू आला, फक्त उलट्या दिशेनं. तेव्हा रांगेत एकाच जातीचे लोक होते तोवर फारसं कुणी विचारलं नाही की हे दक्षिणा घेऊन काय करतात. रांगेत कुणब्याची, महाराची, माळ्याची, धनगराची पोरं आली आणि विद्येचा उपयोग काय हा प्रश्न एकदम तातडीचा झाला. प्रश्न वाईट नाही. लोकहितवादींनीही तोच विचारला होता. पण त्यांनी तो दार रुंद करून विचारला.

आमच्या गावापुरतं सांगतो. कंपनीत कंत्राटी पगार पहिल्या महिन्यापासून हातात येतो. फेलोशिप मंजूर झाली तरी कधी सहा महिने, कधी वर्षभर थकते. ज्याच्या घरी दोन एकर भात आणि बापाची दुधाची एक म्हैस, तो पोरगा ते सहा महिने काढू शकत नाही. आकडा ३७ हजार आहे की ४२, याहून त्याच्यासाठी महत्त्वाचं आहे की तो पाच तारखेला येतो का. रानड्यांचे साठ रुपये महिन्याच्या महिन्याला येत होते, म्हणून ते सहा वर्षं वाचू शकले. ग्रँटसाहेबांनी थांबवले तेव्हा निदान कारण तरी कळलं होतं.

तुमच्यापैकी कुणी एम.ए., एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असेल तर ऐका. नेट साधारण जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते, पीएच.डी.ला नोंदणी करायच्या आधीच एकदा देऊन टाका. जात पडताळणी, नॉन-क्रिमी लेयर, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रं जाहिरात यायच्या आधी काढून ठेवा. वडगावच्या तहसील कार्यालयात जाहिरातीनंतरच्या आठवड्यात काय गर्दी असते ते मावळातल्यांना माहितीये. आणि गाईड ठरवताना लाजू नका, सरळ विचारा: तुमच्या आधीच्या विद्यार्थ्यांना पैसे कुठून आणि किती दिवसांनी मिळाले?

पुढच्या एपिसोडमध्ये तळेगावातच राहू. नवरा गेला, मुलगा डभईला पडला, त्यानंतर स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर गेलेल्या उमाबाई दाभाड्यांबद्दल बोलायचंय. तुमच्या घरी कुणी दक्षिणा फेलो होऊन गेलं असेल, जुनं पत्र, फोटो, काहीही असेल, तर कळवा. त्यावर वेगळा भाग करू.